सिनेमात न सापडलेली म्हातारी

हिर्डोशी,
सोमवार

प्रिय मित्र नजीर यास हनुमंतचा मनापासून नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर वाकून पुस्तकं बांधणाऱ्याला ती सुखानं राहू देणार नाही, तरी विचारायला हवं. खुर्शिदा वहिनींना नमस्कार सांग.

तू दिलेल्या उडत्या घोड्यांच्या कादंबरीपायी इथं काय घडलं ते ऐक. श्रावणातली पोथी संपल्यावर मंडळी देवळात नुसतीच बसू लागली, म्हणून मी ती वाचायला घेतली. (देवापुढं असलं वाचावं का, असं मनात आलं, पण खंडोबाला तर घोडाच आहे.) वाचलीही पोथीसारखीच, म्हणजे दोन ओळी वाचायच्या आणि मग त्यांचा अर्थ फोडून सांगायचा. माझी चुलती अंबूबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. पुढं तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून आम्ही तिच्या खाटेभोवती बसून वाचतो. तिचा सगळा जीव गोष्टीतल्या म्हातारीत. राक्षस दाराशी आला तरी त्याला आधी जेवून घे म्हणणारी.

काल त्याच कादंबरीचा सिनेमा पाहायला आम्ही अकरा जण टेम्पोनं पुण्याला गेलो. पुस्तकातला घोडा म्हातारा, एका डोळ्यानं अधू, महिन्यातून एकदा बोलणारा. सिनेमात तो पांढराशुभ्र, आणि तोंड म्हणून मिटत नाही. राजपुत्र पुस्तकात डोंगर चढताना धापा टाकतो, इथं गाणं म्हणत चढला. (त्यानं एकदा वरंध घाट गात चढून दाखवावा.) तेही मी समजून घेतलं, सातशे पानं तीन तासांत बसवायची म्हणजे त्या लोकांचेही हालच. पण म्हातारी नाहीच! रखमाजी अंधारात उभा राहून ओरडला, "आरं, आमची म्हातारी कुठं हाय?" मागून कुणीतरी म्हणालं, "काका, खाली बसा. तुमची म्हातारी घरी वाट बघत असंल."

परतल्यावर अंबूबाईला हे कळलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. रात्री जेवली नाही, सकाळचा चहाही तसाच. गाव मात्र पेटलंय. सिनेमावाल्यांना पान नंबरासकट तक्रार धाडायची ठरलीय, आणि लिहायची मी.

तुझा,
हनुमंत

ता. क. आता खरं सांगतो. पुस्तकात म्हातारी नाही. अर्थ सांगता सांगता माझ्याच तोंडून ती आली, अंबूबाईचा चेहरा खुलला, मग तिला काढवेना. येत्या रविवारी अंबूबाईची नात शेफाली येतेय, आणि म्हातारीचीच पानं तिच्याकडून वाचून घ्यायचं अंबूबाईनं कधीचं ठरवलंय. सोबत पुस्तक आणि मी लिहिलेली बारा पानं आहेत. छापखान्यातल्या शाकिरकडून ती छापून घे आणि शनिवारपर्यंत मधोमध अशी बांध की कुणाला कळू नये.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच अंबूबाईनं हाक मारली. म्हणाली, "हनुमंता, म्हातारी तुझीच हाय, मला पहिल्या दिसापासनं ठावं हाय. पोथी सांगताना बी तू असंच वाढवतोस. पर शिनेमात न्हाई म्हनल्यावर वाटलं, आता तू बी तिला काढून टाकशील."

मी मान खाली घातली. तर म्हणते कशी, "ऱ्हाऊ दे तिला. पर चुलीपाशीच का बसवून ठेवलीस? शेवटाला डोंगर चढव की. तिच्या सवताच्या पायानं."

तेव्हा माझ्या बारा पानांतली शेवटची दोन बांधू नकोस. नवीन लिहून उद्याच्या एसटीनं पाठवतो.