डावा शॉकअप

३ मार्च

गाडी आली, नवऱ्याची मोटारसायकल. दीर घेऊन आले. खालून हॉर्न वाजला आणि हातातली कपबशी निसटता निसटता राहिली — तोच हॉर्न, सर्दी झाल्यासारखा! क्षणभर वाटलं, तोच आला. मग डोकं ताळ्यावर आलं. त्याला जाऊन महिना होऊन गेला.

दीर चहाला वर आले. खुर्ची एकच आहे माझ्याकडे. ते खुर्चीवर, मी पलंगाच्या कडेला. म्हणाले, "वहिनी, कागदावर बायको तुम्हीच. तेव्हा गाडी तुमचीच." कागदावर! बरोबरच आहे म्हणा. सात वर्षांपूर्वी मी ते घर सोडलं, पण घटस्फोटाचे कागद करायचे राहूनच गेले. मी म्हणायचे, एकदा काय ते मोकळं करून टाक. तो म्हणायचा, "बघतो."

किल्ली टेबलावर ठेवून निघाले, जिन्यातून परत फिरले. "विकायची झाली तर गिऱ्हाइकाला सांगा, मागचे शॉकअप नवे आहेत. गेल्या वर्षीच टाकले दादानं, स्वतःच्या हातानं. पण मागे कुणाला बसू द्यायचा नाही हं! मी सख्खा भाऊ, मलासुद्धा म्हणायचा, तू चालत ये, शॉकअप लावून ठेवलेत. काय लावून ठेवले होते, देव जाणे!"

कंजूष मेला. भावाच्या वजनानं शॉकअप झिजतील म्हणून!

मेला म्हणू नये आता. सवय जात नाही.

४ मार्च

मुलीचा फोन. "आई, विकून टाक. त्या धुडाचं तू काय करणार आहेस?" मग तिला मीटिंग होती.

गल्लीच्या तोंडाशी केस कापतो त्यानंही विचारलं. त्याला हवी आहे गाडी. सगळ्यांचं ठरलंय. मला सोडून.

७ मार्च

आज पडले. लिहायलाही लाज वाटतेय.

कामावर जायच्या आधी म्हटलं, फाटकापर्यंत तरी नेऊन बघू. लग्नाआधी भावाची गिअरची गाडी चालवायचे मी, भीती म्हणून नाही. पण हिच्यावर बसलं की नुसते चवडे टेकतात. टाच म्हणून जमिनीला लागत नाही. फाटकाशी थांबले, जरा कलंडली, पाय लावायला गेले तर खाली काहीच नाही! मी, गाडी, पिशवी, डबा — सगळा संसार रस्त्यावर.

केशकर्तनवाल्यानं धावत येऊन उचलली. आधी गाडी, मग मला. म्हणतो कसा, "ही तुमच्या मापाची नाही, बाई. महिनाअखेरपर्यंत थांबतो मी. मग द्या मला."

नडगी काळीनिळी झाली आहे. त्याहून जास्त झोंबलं ते "मापाची नाही." लग्नानंतर मी कितीदा म्हणायचे, दे की मला एकदा चालवायला. "बघतो." त्या घरात माझ्या मापाचं काही नव्हतंच. ओटा उंच, आरसा उंच, नवरा मुका. आता ही एक वस्तू हातात आली आहे, ती मी माझ्या मापाची करून घेणार. महिनाअखेरपर्यंत दोन्ही टाचा टेकल्या तर गाडी माझी. नाही तर खुशाल न्या!

९ मार्च

गॅरेज बघितलं. बाजारामागे, टायरच्या दुकानाला लागून. मेकॅनिकनं आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे. "काय मावशी, काय करायचं?"

मावशी! टक्कल पडलंय ह्याला, आणि मी मावशी! म्हटलं, तुझ्या मावशीला घरी ठेव, मला ताई म्हण आणि ही गाडी मागून खाली करून दे.

हसला. मग नीट समजावलं. मागे दोन शॉकअप असतात, खड्ड्यांचे दणके झेलायला, चाकाच्या डावी-उजवीकडे. ते काढून आखूड घालायचे. सीट खाली येते, पाय टेकतात. "पण मग डबलसीट विसरा, ताई. मागे कोणी बसलं की टायर मडगार्डला घासणार."

म्हटलं, माझ्या मागे कोण बसायचंय?

तो घाईनं पाना शोधायला लागला. एवढं काही वाईट बोलले नव्हते मी. खरं तेच बोलले.

१२ मार्च

दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे चढवले आणि विचारलं, "आता स्पष्ट दिसतंय?" मला दिवसभरात कुणी काही विचारलं नाही.

१५ मार्च

सुट्टी. कपडे धुतले, वाळले, घड्या केल्या. तरी दुपारचे दोनच.

लोकांना वाटतं, मी घर सोडलं म्हणजे काही भयंकर घडलं असणार. मारलं का? प्यायचा का? दुसरी होती का? काही नाही हो! माणूस सरळ होता. फक्त बोलायचा नाही. काहीही सांगा, एकच शब्द — बघतो. नळ गळतोय. बघतो. मुलीच्या शाळेत जायचंय. बघतो. मला तुझ्याशी बोलायचंय. बघतो!! आता ह्यात बघण्यासारखं काय आहे?

गाडीवर मी मागे एका बाजूला बसायचे, दोन्ही पाय डावीकडे. टपाल कचेरीच्या वळणावर तो खड्डा. गाडी डावीकडे खचायची आणि वाटायचं, आता मी घसरून पडते. मुठी आवळून कॅरिअर धरून ठेवायचे. घरी पोचल्यावर कंबर धरून बसायचे. सांगून सांगून थकले, डावीकडून खचतंय, काहीतरी कर. "बघतो." शेवटी त्याच्या मागे बसणंच सोडलं. मग जेवायला बरोबर बसणं सुटलं. मग घर.

मला फार नको होतं. मी बोलले ते एकदा तरी ह्या माणसाच्या कानात शिरलंय, एवढं कळलं असतं तरी मी राहिले असते. आता कुणाला विचारणार? गेला तो, तोंड मिटून.

उगाच रडले. मग चहा केला. एकाच कपाचा करायला गेलं की दूध नेहमी जास्त होतं.

१८ मार्च

आखूड शॉकअप आले. जुने काढताना मेकॅनिक ओरडला, "ताई, इकडे या! हे कुणी लावलं?"

मला आधी काही कळेना. मग त्यानं दाखवलं. स्प्रिंगच्या खाली एक कडं असतं, त्याला पायऱ्यांसारख्या खाचा. पान्यानं कडं फिरवून वरच्या खाचेत नेलं की स्प्रिंग कडक होते, कमी दबते. "दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या असतात. हे बघा — उजवा पहिल्या खाचेत, डावा पार शेवटच्या! शेंबड्या पोरालाही कळतं असं करायचं नसतं."

"दुकानातूनच तसे आले असतील."

"छे! नवे येतात ते दोन्ही पहिल्या खाचेत. हे कुणीतरी मुद्दाम फिरवलंय, चांगला जोर लावून. ह्याचा उपयोग शून्य. उलट मागचा दांडा पिळवटतो. मालक जरा असेच होते का हो?"

"असेच होते," म्हटलं.

दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी कुणाबरोबर हसले. त्याच्यावर हसले, तरी बरं वाटलं.

१९ मार्च

नवी भानगड. गाडी खाली आली, पण साइड स्टँड तेवढाच लांब. त्यामुळे लावली की सरळ ताठ उभी राहते. मी जरा हात काढला आणि उजवीकडे धाडकन! आरसा फुटला. केशकर्तनवाला दारातून बघत होता, कात्री हातात घेऊन.

मेकॅनिक कपाळावर हात मारून म्हणाला, "चुकलंच माझं, ताई." स्टँड कापून, आखूड करून परत जोडून देणार आहे.

२४ मार्च

टेकले! दोन्ही पाय, टाचांसकट! फाटकाशी थांबले, उगाचच थांबले, परत निघाले, परत थांबले. केशकर्तनवाल्याच्या दारात गाडी उभी केली, स्टँडवर लावली, हात सोडला. उभी राहिली. "गिऱ्हाईक दुसरं बघा," म्हटलं. तो म्हणाला, "मानलं तुम्हाला!" बरा आहे तसा.

मग मोठी चक्कर मारली. बाजार, कारखान्याची भिंत, नदीवरचा पूल. वारा तोंडावर. पुलापलीकडे गाडी थांबवली आणि एकदम लक्षात आलं — आता कुठे जायचं? कुणाकडे जायचंच नाहीये मला. मुलीला फोन लावला. उचलला नाही. ती कामात असणार.

परत आले. जिना चढताना गुणगुणत होते की काय कोण जाणे, शेजारीण दार उघडून बघत होती. किल्ली टेबलावर ठेवली. खोलीत तेवढाच एक आवाज झाला.

जुने शॉकअप मेकॅनिकनं पिशवीत घालून दिलेत. "चांगले आहेत, कुणालातरी लागतील." दाराशी पडून आहेत. दोनदा ठेच लागली.

२७ मार्च

दुकानात एक आजोबा आले, बायकोबरोबर. चष्मा नाकावर तिरका बसत होता. त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. असतो पुष्कळांचा. मी डावी काडी गरम करून वाकवली आणि चष्मा टेबलावर ठेवला. आजी भडकल्याच. "अहो, वाकडा करून ठेवलात की! एक काडी वर, एक खाली!"

नेहमी सांगते तेच सांगितलं. "आजी, टेबलावर वाकडा दिसणारच. त्यांनी घातला की सरळ बसेल. त्यांच्या मापानं लावून ठेवलाय."

आणि तोंड उघडंच राहिलं माझं.

लावून ठेवलाय.

'शॉकअप लावून ठेवलेत.' दिरांना म्हणायचा तो. मागे बसू द्यायचा नाही. डावा शेवटच्या खाचेत, मुद्दाम, जोर लावून. आणि टाकले कधी? गेल्या वर्षी! मी घर सोडून सहा वर्षं झाली होती तेव्हा. सहा वर्षं मी त्या मागच्या सीटवर बसले नव्हते!

आजी विचारत होत्या, "काय झालं हो?" काही नाही म्हटलं. मागच्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

नाही. असं नसेल. तो धांदरटच होता. खाचा मोजायला चुकला असेल.

२८ मार्च

पिशवी घेऊन गॅरेजात गेले. म्हटलं, हे परत चढव, एका चकरेपुरते. खाचांना हात लावायचा नाही. तू चालव, मी मागे बसते. एका बाजूला.

"ताई, स्टँड कापलाय, आता ही भलतीच झुकेल—" झुकू दे म्हटलं. वेड लागलंय असं वाटलं असणार त्याला. पण चढवले बिचाऱ्यानं.

टपाल कचेरीचं वळण आलं. खड्डा तसाच आहे. मी सवयीनं मुठी आवळून कॅरिअर धरलं.

खचली नाही.

बघितलं होतं त्यानं.