कोरड्या ओढ्याची साक्ष

पिएद्रा सेका,
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

प्रिय ओफेलिया,

आज बूट घालताना तुझी आठवण झाली. मागच्या पायरीवर बसवून मी तुला बूट उलटे करून आपटायला शिकवायचे. विंचू पडला नाही की तू हिरमुसायचीस, आणि तिकडे शाळेच्या दारात सिस्टर बर्नार्डा पट्टी घेऊन उभ्या असायच्या.

तू बरी असशील. माझा गुडघा सोडला तर माझंही बरं चाललंय. ऊन अजून उतरलेलं नाही. दुपारी डोंगरावर ढग दिसतात आणि तिथेच विरतात.

मंगळवारी काउंटीची सभा आहे. आपत्तींचा धोका पुन्हा नव्याने मोजताहेत. ओढ्याकाठी अठ्ठावन्न नवे प्लॉट पाडायचे आहेत. तू सभेला येशील आणि नेहमीसारखं म्हणशील, ‘कुणालाच ठाऊक नव्हतं.’ त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं.

२००४ मध्ये असाच धोका मोजला होता. मी कचेरीत कारकून होते. भूकंप, वणवा, उष्मा, पूर, प्रत्येकाला एक ते चार आकडा द्यायचा, चार म्हणजे सर्वांत मोठा धोका. मागची नोंद कागदावर नसेल, तर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची सही लागायची. पुराची नोंद नव्हती. बाहेरून आलेल्या इंजिनिअरने मला विचारलं, “तुम्ही इथल्याच ना बाई? या ओढ्याला पाणी आलेलं कधी पाहिलंय?”

“इथे पाणी आणायचं तर आधी देवाला विहीर खणावी लागेल,” मी म्हणाले. सगळे हसले. त्याने पुरापुढे ‘एक’ लिहिलं.

ओफेलिया, मी पाहिलं होतं. १९६४ साली. तू सात महिन्यांची होतीस, आईने तुला एप्रनमध्ये बांधलं होतं. बाबांनी आम्हाला छपरावर चढवलं. डोक्यावर आभाळ स्वच्छ होतं, पाऊस दूर डोंगरात पडला होता. आधी आवाज आला, कुणीतरी ताटांची पेटी फरफटत आणावी तसा. ते दगड होते. पाणी चॅपेलच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं. पाहिलेली माणसं पुढे खाणी बंद पडल्यावर निघून गेली. आई-बाबाही वारले. उरले मी एकटी.

तरी मी बोलले नाही, कारण आदल्या रविवारी तुझ्या टेबलावर दोन टाइल्स होत्या.

“तीना, निळी की पिवळी? आणि खरं सांग, कचेरीत बोलतेस तसं गोड गोड नको,” तू म्हणालीस.

तुझा रामिरो हसत म्हणाला, “तिला चिडवू नकोस. आपल्या घराचा कागद तिच्याच टेबलावर आहे.”

पुराला तीन मिळाले असते तर ओढ्याकाठच्या तुमच्या घराची परवानगी गेली असती. मी निळी म्हणाले.

नऊ वर्षांनी पाणी आलं आणि रामिरोला घेऊन गेलं. त्याच्या अंत्यविधीला मी चॅपेलच्या आत आले नाही, बाहेर उन्हात उभी राहिले. तू दारात येऊन म्हणालीस, “उन्हाची एवढी हौस असेल तर उभी राहा.” त्यानंतर आपण बोललो नाही. मी तशीच उभी आहे. अजून दुपारी जेवायला बसले की तो ताटांचा आवाज येतो. उठून खिडकीशी जाते. ओढा कोरडाच असतो.

मी साक्षीवर सही केली आहे. १९६४ची, आणि २००४मध्ये खोटं बोलल्याचीही. मंगळवारी ती सगळ्यांसमोर वाचतील. क्षमा मागत नाही. तो आकडा पुन्हा एक राहू नये, एवढंच.

सभेनंतर मी टुसॉनला सिस्टरांच्या वृद्धाश्रमात राहायला जाते आहे. साक्षीची मूळ प्रत नव्या इंजिनिअरबाईंकडे दिली आहे. सोबतची प्रत तुझी. आईची जपमाळ तुझ्या लेकीला, ग्रासिएलाला. भांडी चॅपेलच्या स्वयंपाकघराला. घराची किल्ली शेजारच्या ओदेलकडे आहे.

कपाटात खाली पुठ्ठ्याचं खोकं आहे, ते फक्त तू उघड. पुरानंतर नुकसानीची यादी करत फिरताना पाच मैल खाली रामिरोचा एक बूट सापडला होता. मी तो यादीत लिहिला नाही. अकरा वर्षं माझ्यापाशी ठेवला. तो तुझा आहे.

हात घालण्याआधी झटकून घे.

तीना