सतरावी बाटली

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीत मी दिलेली बाटली बियाण्याच्या बटाट्यांवर शिंपडू नकोस. फोनवर दोनदा सांगितलं, तर "ताई, पुरे तुझी मास्तरकी" म्हणून हसण्यावारी नेलंस. म्हणून लिहून कळवते आहे.

बटाटा कुजवणारे जंतू एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात आणि पुरेसे जमले की हल्ला करतात. ते निरोप तोडणारा जीवाणू तुझ्याच वाफ्यातल्या मातीत सापडला, म्हणून मी केवढी मिरवले! परवा त्याच्या जीनोमचा, म्हणजे सगळ्या जनुकांच्या आराखड्याचा, अहवाल आला. जीनोम एक नाही, दोन निघाले. दुसरा जीवाणू कुजवणाऱ्यांपैकीच आहे, आणि तोही तुझ्या बाटलीत आहे.

चूक माझी. जीवाणू निवडून तीनदा नव्या बशीत वाढवला की मगच तो शुद्ध मानायचा. मी दोनदाच वाढवला, कारण घरी यायचं विमान गाठायचं होतं. याच चुकीवरून इथे प्रयोगशाळेत शिकणाऱ्या मुलींना मी रडवलं आहे.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. झोपेचं विचारू नकोस. आईचा गुडघा कसा आहे? कुणाला न विचारता झाडांना औषध घालायची तिला हौस आहे, तेव्हा बाटली कुलपात ठेव. शिंपडून झालं असेल तर तसं स्पष्ट लिही. माझं मन राखू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. आज प्रयोगशाळेच्या साहेबांच्या ताब्यात दिलं: नोंदवही एक, फ्रीझरची किल्ली एक, बाटल्या सोळा. भरल्या होत्या सतरा.