आबांचा दगडी चेहरा

पिंपरी, ४ जून १९७४

तीर्थरूप आबांस, कोंडीरामचा सा. न. वि. वि.

इकडं सगळं ठीक, फक्त मी सोडून. कंपनीत कायम करायच्या आधी डॉक्टर रक्तदाब बघतात. जादा भरला की घरी. माझ्या दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा फुसफुसला आणि छातीत लेझीम सुरू! पारा वर. डॉक्टर म्हणाले, दुखणं नाही, धास्ती आहे. धास्तीनं मूत्रपिंडावरच्या इवल्या ग्रंथी रक्तात रस सोडतात, मग काळीज पळतं, रक्तवाहिन्या आवळतात. आठवड्यानं परत बोलावलंय. कायम झालो तरच सुपारी फोडू, असं कस्तुराच्या वडिलांनी बजावलंय. आईला सांगू नका, काढे पाजेल.

तुमच्या मायेचा भुकेला,
कोंडीराम

चाकण, ८ जून

चि. कोंडीराम यास अनेक आशीर्वाद.

आईला सांगितलं न्हाई, तिनं शेजारच्या पोरीकडनं पत्र वाचून घेतलं. येड्या, आपण बैलांचे दलाल. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवताना माझं तोंड कधी हललंय व्हय? आत कायबी होऊंदे, तोंड दगडाचं ठेवायचं. पट्टा बांधला की समज, गिऱ्हाईक आलंय. हातावर उपरणं टाक, श्वास धर. आई म्हणती, पोरगं दगड हायच, निस्तं तोंड तेवढं राहिलंय.

लोभ वाढव, जमलं तर वजनबी.
आबा

पिंपरी, १३ जून

तीर्थरूप आबांस सा. न.

तुमचं ऐकलं आणि बुडालो. उपरणं टाकलं, श्वास धरला. डॉक्टरांनी नाडी बघायला उपरण्याखाली हात घातला, तर सवयीनं मी त्यांची दोन बोटं दाबली. ते दचकले, नर्स खिदळली, पारा आणखी वर. म्हणाले, अहो, यंत्र तोंड बघत नाही. आत कोंडलं तरी दाब वाढतोच. सोमवारी शेवटची तपासणी, घरचं माणूस आणा. आबा, तुम्हीच या. माझा धीर सुटलाय.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
कोंडीराम

चाकण, १९ जून

चि. कोंडीराम यास आशीर्वाद.

एस.टी.नं सुखरूप पोचलो. तू कायम झाल्याचं कस्तुराच्या बापाला सांगितलं, सुपारी पुढल्या गुरुवारी. पर माझ्या अब्रूचं काय? पोराला दाखवतो कसं बसायचं, म्हणून मीच हौसेनं आधी दंड पुढं केला. दगडावानी बसलो, अन् माझाच पारा तुझ्यापेक्षा वर! तू खुर्चीवरनं घसरस्तवर हसलास. मग डॉक्टरनं तुला निवांत बसवून मोजलं, तर तुझा उतरलेला.

मला वाटत होतं, मी बिनघोर हाय. यंत्रानं सांगितलं, न्हाई, म्हातारा पोराच्या काळजीनं फुटाय आलाय. आता माझं मीठ बंद. लोणच्याची बरणी आईनं नेऊन कुठं ठेवली, देवाला ठावं.

एक काम कर. ते यंत्र कुठं मिळतं ते डॉक्टरला इचार. शनिवारी बैलबाजारात समोरच्या दलालाच्या दंडाला बांधतो. आतनं कोण किती भ्यालंय ते कळलं, तर निम्मा बाजार आपला.

लोभ असू दे, हसणं आवर.
तुझा आबा