शेळीच्या वाटणीचा पाला

खर्डा, ता. ११ जानेवारी १९७३

चि. सौ. छबूस गोरखदादाचे आशीर्वाद. दाजींना रामराम, आणि तुमच्या ऊसतोडीच्या टोळीत हे पत्र वाचून दाखवणाऱ्या कानिफनाथालाही रामराम. बाबा, माझं अक्षर वाकडं आणि तुझं वाचन त्याहून वाकडं, तेव्हा सावकाश वाच.

तुम्ही पाठवलेला गूळ पोचला. आईनं तो फडताळात वर ठेवलाय, म्हणजे आता तो कुणालाच मिळायचा नाही. इकडे पावसाचा पत्ता नव्हता तो नव्हताच. अशा वर्षी कपडे शिवायला कोण टाकतो? दिवसभर मीही गावाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडतो आणि काम सुटल्यावर एखादी उसवलेली चोळी मशीनखाली घालतो. कामावर खायला सरकारी सुकडी मिळते, तिनं जीव धरलाय. आई ठणठणीत आहे. तिचं तोंड तर त्याहून ठणठणीत.

शेळी अशी तुकतुकीत झाली आहे की वाटेनं जाणारा थांबून बघतो. न्हाणीच्या पाण्यावर आपला शेवगा तेवढा हिरवा राहिलाय, त्याचा कोवळा पाला आई तिलाच घालते. बाकीचा पत्र्यावर कडक उन्हात वाळवून मडक्यात भरलाय, आपल्यासाठी. आईची बेगमीची हौस तुला माहीत आहेच. तो उकडायचा, दाबून पिळायचा, पाणी फेकायचं आणि मग फोडणीला टाकायचा. चव राखेसारखी, पण भाकरीबरोबर खाली उतरतो.

बनू मजेत आहे. मोठी शहाणी झालीय तुझी लेक. आता संध्याकाळी पोरांत हुंदडायला जात नाही, माझ्या मशीनजवळ भिंतीला टेकून बसते. पूर्वी मला सुईत दोरा ओवून द्यायची, हल्ली तेवढा कंटाळा करते. परवा हंड्याला धडकली आणि पाणी सांडलं म्हणून आईचा धपाटा खाल्ला. वाढत्या अंगाची पोरं वेंधळी असतातच. तू काळजी करू नकोस.

तुझा भाऊ
गोरख

खर्डा, ता. ८ फेब्रुवारी १९७३

कानिफनाथ, हे पत्र चारचौघांत वाचू नकोस. छबूला आणि दाजींना बाजूला घे आणि हळू वाच.

छबू, आशीर्वाद. बनूला दिवेलागणीनंतर दिसत नाही.

दिवसा सगळं दिसतं. दिवस मावळला की मात्र हात पुढे करून भिंत चाचपत चालते. मागचं पत्र लिहिताना माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण लिहिलं असतं तर तू कोयता टाकून पायी निघाली असतीस. आणि खरं सांगू, लिहिलं की खरं होईल अशी मला भीती वाटत होती. मग एका संध्याकाळी शेळी दारातून आत आली आणि बनू तिला म्हणाली, "मामा, आलास व्हय?" आई हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेऊन गेलो. तिथे जामखेडहून नर्सबाई येतात, पुष्पावतीबाई. त्यांनी पापण्या वर करून डोळे पाहिले. बुबुळावर अजून डाग नाही, पण असंच चाललं तर पडेल, आणि मग दिवसाची नजरही जाईल, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे औषधाचे थेंब पाजले, आणि संध्याकाळी घरी आल्या.

शेळीकडे बघून त्यांनी आईला विचारलं, "हिला काय घालता?"

आई फुशारकीनं म्हणाली, "कवळा पाला, बाई. तिच्या वाटनीची येक डहाळी वाळू देत न्हाई मी."

"आणि पोरीला?"

आईनं मडकं पुढे केलं. बाईंनी त्यातला पांढुरका चुरा तळहातावर घेतला आणि नुसतं आईकडे पाहिलं. आई मटकन खाली बसली. मला इतका राग आला होता की मडकं उचलून फोडावंसं वाटलं. पण तिचं तोंड बघून थांबलो. गेले चार महिने ती भाजी मीही मुकाट्यानं खातोच आहे की.

बाईंनी समजावलं ते असं. कडक उन्हात पाल्याचा गुण जळतो, आणि उरलेल्यातला बराचसा आपण शिजवून शिजवून आणि पिळून गटारात घालतो. तेव्हा कोवळा पाला आधी धुवायचा, मग देठांवरून खुडायचा. पाट्यावर बारीक वाटून चिंचगुळाच्या पाण्यात कालवायचा, वर करडईच्या तेलाचे थेंब, आणि लगेच प्यायचा. उन्हात ठेवायचा नाही, उद्याला उरवायचा नाही. भाजी करायची तर झाकण ठेवून चटकन वाफवायची आणि पाणी भाकरीच्या पिठात जिरवायचं.

बाई गेल्या आणि घरात रणकंदन माजलं. "कच्चा शेवगा लई उष्ण! पोरीला झेपायचा न्हाई." मी म्हटलं, "शेळीला झेपतो तो?" तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. जे सांगायचं ते शेळीला सांगते, मी ऐकतो.

माझाही शहाणपणा ऐक. पहिल्या दिवशी मी तो रस माझ्याजवळच्या उत्तम मलमलीतून गाळला आणि चोथा शेळीपुढे टाकला. केवढा अभिमान वाटला मला! बाईंनी कपाळावर हात मारला. गुण चोथ्यातही असतो म्हणे. म्हणजे आई पाणी फेकत होती आणि मी चोथा. आई लगेच शेळीला म्हणाली, "बघ गं, शिंप्याची अक्कल बघ."

तुला यायचं असेल तर ये, मी अडवणार नाही. पण मला विचारशील तर होळीपर्यंत धीर धर. बाई दर खेपेला डोळे तपासणार आहेत. डाग दिसला तर पत्र लिहीत बसणार नाही, बनूला पाठीवर घेऊन दवाखाना गाठीन आणि तुला तार करीन. तार आली नाही तर डाग नाही असं समज.

तुझ्या लेकीला तुझ्या हवाली करीपर्यंत जिवाला घोर असलेला,
गोरख

खर्डा, ता. १४ मार्च १९७३

कानिफनाथ, हे पत्र पाचटाच्या कोपीबाहेर उभा राहून खणखणीत आवाजात वाच. मुकादमालाही ऐकू जाऊ दे.

छबू, आशीर्वाद. दाजी, रामराम. तुम्ही कसे दिवस काढले असतील ते मला कळतं. तारवाल्याची सायकल दिसली की तुमचा कोयता थांबत असेल.

बनूनं आधी "मी काय शेळी हाय का?" म्हणून तोंड फिरवलं होतं. मग मी बें बें करत पेला माझ्याच तोंडाला लावला, तेव्हा कुठे तिनं हिसकावून घेतला. आता रोज हिरव्या मिशा घेऊन फिरते. आणि आईचं काय सांगू! हल्ली पाट्याला मला हात लावू देत नाही. वाटते ती, कालवते ती, आणि शेजारच्या कडूबाईला आणि अख्ख्या आळीला सांगते, "हे आमच्याकडं पहिल्यापासून हाय." फडताळातला गूळही खाली उतरला. शेळीला आता जून पानं आणि देठ मिळतात, म्हणून ती माझ्यावर रुसली आहे.

थेंबांनी काम केलं की पाल्यानं, ते मी बाईंना विचारलं. "दोन्हींनी," त्या म्हणाल्या, "पण थेंब मी कधीतरी देणार, झाड तुमच्या दारात रोज आहे."

आता परवाची गोष्ट. दिवस बुडाला होता. मशीनच्या सुईतला दोरा तुटला आणि मी तो ओला करून भोकाशी झटापट करत होतो. आई काडेपेटी शोधत होती. बनू भिंतीजवळून उठली, मधल्या हंड्याला वळसा घालून आली आणि माझ्या हातातला दोरा घेऊन तिनं ओवला.

"दिवा कशाला लावतीस, आजी?" ती म्हणाली. "दिसतंय की."

आईच्या हातातली काडी तशीच राहिली. नंतर ती शेळीच्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो, लपवत नाही. बनूला काही कळेना, ती आपली आम्हा दोघांकडे बघत होती. बघत होती, छबू.

ऊसतोड संपवून सुखरूप या. येताना दिवस मावळला तरी चिंता नको, तुझी लेक वेशीवर तुला ओळखेल.

कानिफनाथ, तुझं काम इथं संपलं. आता कागद छबूच्या हातात दे.

छबू, खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरव. तिथे हिरव्या दोऱ्याचे टाके आहेत. ते बनूनं घातलेत, संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी. तेवढं तुला कुणी वाचून दाखवायला नको.

तुझा दादा