माझा जिवाणू टोकांना वाढतो

३ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. शोध लागण्याआधीची मनःस्थिती कुठेतरी नोंदलेली असावी. काम : जिवाणूचं बाहेरचं आवरण कसं वाढतं, याचं कॉम्प्युटर मॉडेल. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, २४ तारखेला सगळ्यांसमोर चाललं तर प्रकल्प पुढे, नाहीतर बंद. तीन आठवडे! मला एक पुरे.

७ मार्च
चाललं! आवरणात नवी प्रथिनं दोन्ही टोकांना भरली जातात, जुनी मध्याकडे सरकतात. असं आजवर कुणीच म्हटलेलं नाही. म्हणजे शोधच.

१० मार्च
शेजारच्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपवाल्या बाईंना दाखवलं. म्हणाल्या, चार वर्षं खरे जिवाणू बघतेय. नवी प्रथिनं मधोमध येतात, जुनी टोकांकडे ढकलली जातात. कोड तपासा. मी नम्रपणे म्हटलं, तुम्ही भिंग पुसा. तेव्हापासून अबोला. जळतात, दुसरं काय.

१२ मार्च
बायको म्हणाली, बाईंचे फोटो एकदा बघ तरी. म्हटलं, गणित चुकत नाही. म्हणे, कपाट बसवतानाही हेच म्हणालास; दार भिंतीकडे उघडतं. विज्ञानात कपाट कशाला आणायचं?

१५ मार्च
कोड तपासायला बसलो. ओळ न् ओळ बघायचा निश्चय. पहिल्या चाळीस बिनचूक. उरलेल्या बाराशे मीच लिहिल्यात, त्यामुळे प्रश्नच नाही.

२० मार्च, दुपारी
जिवाणू मधे बारीक, टोकांना टम्म. व्यायामाच्या डंबेलसारखा. निसर्गात असेल कुठेतरी.

२४ मार्च
दहा जणांसमोर मॉडेल चालवलं. तिसऱ्या मिनिटाला जिवाणू फुटला. मॅडम म्हणाल्या, हा मेला. मी म्हटलं, ताण घेतोय. बाई उठल्या, न विचारता माऊस घेतला, तीनशे बाराव्या ओळीवर थांबल्या. म्हणाल्या, इथे उणे चिन्ह हवं. टाकलं. नवी प्रथिनं मधोमध, जुनी टोकांकडे. जिवाणू लांबला, एकाचे सुरेख दोन झाले. टाळ्या! मी मान झुकवली. मग लक्षात आलं, सगळे बाईंकडे बघत होते.

२६ मार्च
प्रकल्प वाचला. बाईंनीच मॅडमना सांगितलं म्हणे, उणे सोडलं तर कोड चांगला आहे. एवढं बोलायची गरज नव्हती. चष्मा दोनदा पुसावा लागला. एसी फार आहे. मॅडमचा हुकूम : महिनाभर बाईंच्या हाताखाली मायक्रोस्कोपवर बसा.

२७ मार्च, दुपारी ४.००
आयुष्यात पहिल्यांदा खरे जिवाणू पाहिले. काय ती हालचाल! तासभर बघून चार पानं टिपणं काढली.
बाई म्हणाल्या, ती धूळ आहे.