पहिला शब्द तेवढा द्यायचा

बाई, काल मिलच्या खोल्यांवर बिल्डरची माणसं आली होती, आणि मी भाषण केलं नाही. हे आधी सांगते, कारण तुमचा विश्वास बसणार नाही. कर्जतात कोणाचाच बसलेला नाही. आज सकाळी स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याने मला थांबवून विचारलं, "ताई, काल तुमी गप बसल्या म्हनं? तब्येत बरी हाय ना?" मी बोलले की त्याची बातमी होत नाही, गप्प बसले की होते. कारखान्याच्या गेटवर, पंचायतीच्या पायरीवर, टेंपोच्या हौद्यात उभी राहून मी आयुष्यभर बोलत आले. आमच्या खोल्या जायची वेळ आली, तेव्हा नेमकी गप्प राहिले. का, ते तुम्हाला सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला ते नीट कळेल असं वाटत नाही.

भाताची मिल बंद पडून किती काळ लोटला. हमालांसाठी बांधलेली खोल्यांची रांग आणि पोती ठेवायचं गोदाम तेवढं उरलं होतं. कर्जतच्या चांगल्या घरांत ज्यांना खोली मिळत नसे, ते सगळे तिथे येऊन राहिले. तुम्ही पहिल्यांपैकी. शाळेत शिकवणारी, नवरा सोडलेली बाई. गावाला तुमचं शिकवणं चालत होतं, पण तुमचं राहणं खुपत होतं. मग दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर आला, तमाशाचा फड सोडून मावशी आल्या, भिवपुरीच्या वीजघरात नोकरी करून नाटकं लिहिणारे काका आले. दोन्हीकडच्या घरांनी दार लावून घेतलेलं एक जोडपं आलं, ती नर्स, तो दुसऱ्या धर्माचा. मी आले ती खालापूरकडच्या गावातून, वडिलांशी भांडून. ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि अंगावरच्या कपड्यांशिवाय हातात पुस्तकांची एक पिशवी होती. वडील ओसरीवरून ओरडले होते, "जा, तुला कोन ठेवून घेतंय बघू!" कर्जतला लागून असलेल्या भिसेगावात तीन घरं विचारली. तिन्हीकडे पहिला प्रश्न एकच, एकट्याच का? तुम्ही मात्र पिशवीकडे बघितलंत आणि विचारलंत, "यातलं मी न वाचलेलं काय आहे?"

तुमचं स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा एक कोपरा. त्या कोपऱ्यात अख्खी रांग जेवायची. तालमीच्या दिवसांत तुम्ही वालाचं बिरडं मोठ्या पातेल्यात करता आणि भाकऱ्या ज्याने त्याने आपापल्या आणायच्या असा नियम. पेंटर दर वेळी भाकरी विसरतो आणि मावशी दर वेळी म्हणतात, "ह्याची भाकर भिंतीवर रंगवलेली असती, खाऊन ये जा." पातेल्याच्या एका बाजूला गिरणीच्या संपावर वाद चाललाय, दुसऱ्या बाजूला नर्सबाईंचा नवरा पेटी दुरुस्त करतोय, आणि तुम्ही वाल सोलता सोलता दोघांच्याही चुका काढताय. मी पुढे पुष्कळ वाचलं. माणसांनी एकत्र कसं राहावं यावर जाडजूड ग्रंथ वाचले, त्यांतले उतारे सभांत म्हणून टाळ्या घेतल्या. पण त्या ग्रंथांत जे यावं-यावं म्हणून लिहिलं होतं, ते मी तुमच्या पातेल्याभोवती आधीच जेवून आले होते.

काकांची नाटकं आपण गोदामातच बसवायचो. पोत्यांचा पडदा, भाताच्या कोंड्याचा वास, आणि डाव्या बाजूला पडद्याआड तुमचं लाकडी स्टूल. तुम्ही कधी रंगमंचावर आला नाहीत. तुम्ही प्रॉम्प्टर. नट अडखळला की आतून शब्द द्यायचा, त्याला ऐकू जाईल आणि पुढच्या रांगेला जाणार नाही इतक्याच आवाजात. आणि तुमचा नियम असा, की पहिला शब्द तेवढा द्यायचा. नट कितीही कासावीस झाला, डोळ्यांनी भीक मागू लागला, तरी दुसरा शब्द नाही. एकदा तुम्हाला ताप होता म्हणून मी त्या स्टुलावर बसले. मावशी दुसऱ्या अंकात थबकल्या आणि मी आतून त्यांचं अख्खं वाक्य म्हणून टाकलं, तेही जोरात, तेही हावभावांसकट. लोक हसले. मावशींनी प्रयोग संपल्यावर पदर खोचला आणि म्हणाल्या, "आता एवढं केलंस तर लुगडं पन तूच नेसायचं होतंस!" दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्टुलासमोर उभं केलंत. "वाक्य तिचं आहे. ती ते विसरली तरी तिचंच आहे. आपण फक्त दार लोटायचं. आत ती जाईल." मी म्हटलं, आणि नाहीच गेली तर? तुम्ही म्हणालात, "मग थांबायचं. थांबणं येत नसेल तर प्रॉम्प्टिंग करू नये, आणि माझं मत विचारशील तर भाषणंही करू नयेत."

मला राग आला होता तेव्हा. मी नुकतीच सभांतून बोलायला लागले होते, लोक माना डोलवत होते. तुम्ही एका सभेला येऊन मागे उभ्या राहिला होतात.  खोलीशी आल्यावर म्हणालात, "ओरडलीस छान. बोलशील कधी?"

पुढे काका म्हातारे झाले आणि त्यांची आठवण सुटत चालली. ज्या माणसाने आम्हा सगळ्यांच्या तोंडात शब्द घातले, त्याला पाण्याला पाणी म्हणता येईना. दुसरीकडे असते तर त्यांना खाटेवर निजवून लोकांनी त्यांच्या देखत त्यांच्याविषयी बोलायला सुरुवात केली असती. तुम्ही स्टूल उचललंत आणि त्यांच्या खाटेशी नेऊन ठेवलंत. शाळा सुटली की तिथे बसायचं आणि ते अडले की पहिला शब्द द्यायचा. कधी ते पुढे जायचे, कधी नाही. नाही गेले तर तुम्ही थांबायचात, वाल सोलत. हळूहळू सगळी रांगच ते शिकली. पेंटर सकाळी बसायचा, नर्सबाई ड्यूटीवरून आल्या की बसायच्या. म्हाताऱ्या माणसाचं वाक्य कोणी पुरं करायचं नाही, ही मिलच्या खोल्यांची रीत झाली. तुम्ही शेवटी आजारी पडलात तेव्हा मीही तशीच बसले. तुम्हाला शब्द फारसा द्यावा लागला नाही. उलट तुम्हीच माझं व्याकरण सुधारत गेलात.

आता कर्जत तुम्हाला ओळखू येणार नाही. डोंगर दिसतील अशा गॅलऱ्या बांधून ते डोंगर मुंबईच्या लोकांना विकतायत. शनिवारी येतात, रविवारी जातात, आणि त्यांच्या पोहण्याच्या तलावांच्या कडेने आपण चालतो. मिलची जागा स्टेशनच्या जवळ, म्हणजे नजर जाणारच होती. मिलमालकांच्या नातवाने व्यवहार ठरवत आणला. खोल्यांतल्या लोकांना लांब मोहोपाड्याला फ्लॅट, आणि इथे टॉवर. त्यात एक गोड कलम होतं. बिल्डरचा एक तरुण आर्किटेक्ट, कानात डूल, बोलायला फार सभ्य, म्हणाला की टॉवरच्या खालच्या मजल्यावर 'मिल कट्टा' नावाचं कॅफे होईल, तिथे इथल्या जुन्या कलावंतांचे मोठे फोटो लागतील आणि मधोमध काचेच्या पेटीत प्रॉम्प्टरचं स्टूल. त्याला स्टुलाची गोष्ट कोणीतरी सांगितली होती आणि ती त्याला मनापासून आवडली होती. बाई, मला शत्रूचा राग सहज येतो, त्यावर माझं पोट भरलंय. पण ज्याला आपली गोष्ट आवडते आणि आपण नकोसे असतो, त्याच्यावर कसं रागवायचं हे मला कोणत्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

सभा गोदामातच ठेवली होती. मालकांचा नातू सह्यांचे कागद घेऊन बसला. मी आदल्या दिवसापासून भाषण डोक्यात घोळवत होते, आणि खरं सांगते, ते फार चांगलं होतं. पण नातू म्हणाला, "आधी इथं सगळ्यात जुनं जे माणूस आहे त्याने बोलावं." जुनं माणूस म्हणजे मावशी. तुमच्या वेळचे आता खोल्यांत त्या आणि पेंटर एवढेच उरलेत. पेंटरचा हात थरथरतो. मावशींना सकाळी जेवल्या का ते दुपारी आठवत नाही, मला त्या बरेचदा बाई म्हणतात. नर्सबाईंच्या मुलीने त्यांना धरून उभं केलं. मावशींनी सगळ्यांकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि शब्द नव्हता.  बाई, माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं: "मावशींना असं म्हणायचं आहे की..." हे वाक्य मी किती माणसांच्या वतीने म्हटलंय! आवाज नसलेल्यांचा आवाज म्हणतात मला, पोस्टरवर छापतात. आवाज सगळ्यांना असतो. एखादा शब्द तेवढा हरवलेला असतो.

मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "आम्ही..."

आणि तिथेच चुकले. तुम्ही चुकला नसता. मावशींची मान ताठ झाली, हात कमरेवर गेला, आणि गोदाम भरून जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आम्ही पाहुणे नाही, मालक! पाहुणा उठून जातो. आम्ही उठलो तर ही भिंत आमच्या मागं चालत येईल!" काकांच्या नाटकाचा दुसरा अंक. पेंटर दाराशी खुर्चीत पेंगत होता, तो डोळेही न उघडता आपलं वाक्य बोलला, "भिंतीला पाय फुटले, दार लावून घ्या हो!" आणि मागून कोणीतरी सवयीने घंटा दिली. आर्किटेक्टने टाळ्या वाजवल्या. "मस्त! हे आपण ओपनिंगला ठेवू या."

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. "थांब रं. ते नाटकातलं झालं. मी चुकून तिकडं गेले." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "बाई, दुसरा द्या." तुमच्या नियमात दुसरा शब्द बसत नाही, पण पहिलाच चुकीचा दिला असेल तर काय करायचं हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. मी म्हटलं, "खोली." आणि थांबले. किती वेळ थांबले माहीत नाही. मावशींचे ओठ हलत होते, नर्सबाईंची मुलगी मला डोळ्यांनी खुणावत होती की बोला आता. मी नाही बोलले.

"खोली मला या बाईनी दिली," मावशी म्हणाल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "फड सोडून आले तवा कर्जतात कुनी दार उघडंना. हिनं आपली चूल दिली. आता मला सारखं कायबाय आठवत नाय. पन हितं मी रस्ता चुकले तर कुनी पन मला खोलीत आनून सोडतं. ह्या भिंतीला हात लावला की मला कळतं, मी कुटं हाय. तिकडं मोहोपाड्याला भिंत मला वळखंल का रं?" नातू खाली बघत होता. मग मावशी आर्किटेक्टकडे वळल्या. "आन तू फोटो लावनार म्हनतोस. फोटो मेलेल्या मानसाचा लावत्यात. मी हाय अजून. तू असं कर, फोटो पाठव मोहोपाड्याला, आन मला ठेव हितं."

सगळे हसले, आर्किटेक्टसुद्धा. नातू हसला नाही. त्याने कागद पिशवीत घातले आणि म्हणाला, खोल्यांची रांग आणि गोदाम वगळून काय होतं ते बघू, आज सह्या नकोत. बिल्डरचा माणूस त्याला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होता. म्हणजे जिंकलो असं नाही. ते पुन्हा येतील, नातू पुन्हा डळमळेल, आणि तेव्हा मी भाषणही करीन, ते वाया घालवणार नाही. पण आधी मावशी बोलतील. मग पेंटर बोलेल, त्याला जमेल तसं. येत्या रविवारपासून गोदामात काकांच्या त्या नाटकाची तालीम सुरू करतोय. मावशींना दुसरा अंक येतोच, बाकीचे आम्ही शिकू.

आता एक कबुली. आर्किटेक्टने स्टूल मागितलं तेव्हा मी त्याला सांगितलं, स्टुलाला वाळवी लागली, कधीच जाळून टाकलं. खोल्यांतल्या लोकांनाही तेच सांगितलं, म्हणजे कोणाच्या तोंडून खरं निघायला नको. पेंटरच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी सांगितलं नाही. खोल्या सोडून आता मी भिसेगावात राहते, स्टूल तिथे माझ्या स्वयंपाकघरात आहे. वरच्या फळीवरचा वालाचा डबा मी त्यावर चढून काढते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेही त्यावरच बसून लिहिलंय. रविवारी ते उचलून गोदामात न्यायला हवं, आणि नेलं की अख्खी रांग विचारणार, अगं, ह्याला जाळलं होतंस ना? बाई, तिथे मला काय बोलावं ते सुचणार नाहीये. पहिला शब्द तेवढा द्या.